गोळ्यांची पटपडताळणी

"आजोबा, घरून औषधांची पिशवी आणलीय का?"

माझ्या वडिलांना, अण्णांना, काविळीसाठी दाखल करून चौथी रात्र होती. तोवर त्यांची दोनदा सोनोग्राफी झाली होती, एमआरसीपी झाली होती, कॅन्सरच्या शंकेने रक्ताची महागडी तपासणी झाली होती. व्हरांड्यात काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शहात्तर वर्षं झाली त्यांना. मन घट्ट कर." तीन मोठे डॉक्टर येऊन गेले होते. "कुठली औषधं चालू आहेत?" असं त्यातल्या एकाने विचारलं, अण्णा "बीपी-शुगरची" म्हणाले, आणि तेवढंच फाइलवर चढलं. पिशवी मागितली ती रात्रपाळीच्या, पंचविशीतल्या निवासी डॉक्टर मुलीने.

पिशवी होती. साडीच्या दुकानातली कापडी पिशवी, तोंड नाड्याने बांधलेलं. मुलीने ती पलंगावर, अण्णांच्या पायाशी ओतली आणि एकेक वस्तू उचलून कागदावर लिहीत गेली. बीपीची गोळी. शुगरच्या दोन. कोलेस्टेरॉलची. प्रोस्टेटची. गॅसची, जी दहा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती आणि अजून चालूच होती. गुडघ्यांची, म्हणजे असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. तापाची साडेसहाशे. सर्दीची. ताकदीची कॅप्सूल. हिरव्या बाटलीतला गुळवेलाचा रस. सांधेदुखीची पुडी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, जिच्यावर ना नाव ना गाव. आणि अगदी तळाशी एक रिकामी स्ट्रिप, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ६२५.

तेरा. मुलीने आकड्याभोवती गोल काढला आणि रिकामी स्ट्रिप उजेडात धरली.

"हे कधी घेतलं होतं?"

"ते कधीच संपलं," आई म्हणाली. "तीन आठवडे झाले असतील."

"म्हणूनच विचारते, आजी."

पित्ताशयात खडा नव्हता. स्वादुपिंडात गाठ नव्हती. हेपेटायटिसच्या ए, बी, सी, ई या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह होत्या. बिलिरुबिन चौदावर गेलं होतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज कितीतरी पट वाढलं होतं. अण्णांचं लिव्हर औषधाने बिघडलं होतं, आणि ते औषध पिशवीच्या तळाशी पडून होतं.

ती स्ट्रिप त्यांना घ्यायला मी सांगितली होती. पुण्याहून, फोनवर. अण्णांना सर्दी झाली होती, अंगात कणकण होती. मी म्हणाले, "अण्णा, मला मागच्या वर्षी सहाशे पंचवीस लागू पडली होती. मेडिकलमधून मागवून घ्या." मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. सात दिवस, दिवसातून दोनदा, माझ्या वडिलांनी माझ्या शब्दावर ते औषध घेतलं. सर्दी विषाणूची असते, अँटिबायोटिकचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरीही मी ते सांगितलं. म्हणून हा लेख लिहिताना मी आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलते आहे. पण त्या पिंजऱ्यात मी एकटी नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला औषध सुरू करणारे दहा जण असतात, थांबवणारा कुणीच नसतो, आणि त्या दहा जणांच्या औषधांनी लिव्हर बिघडलं की सगळे मिळून म्हणतात, "वय झालं."

वय झालं! या दोन शब्दांनी आपण किती पापं झाकतो. म्हातारा जेवत नाही, वय झालं. मळमळतं, थकवा येतो, दिवसभर झोपून असतो, वय झालं. अण्णांची लघवी आठ दिवस चहासारखी होत होती, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. का? तर म्हातारपणी असं व्हायचंच, त्यात कशाला पोरांना त्रास! मग खाज सुरू झाली. रात्री दोन वाजता उठून ते भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत उभे राहायचे. आईने खोबरेल लावलं. कातडी कोरडी पडलीय, वयाने पडतेच, असं दोघांनी ठरवलं. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा कुठे कावीळ लक्षात आली. आणि मग शेजारच्या मावशींनी काविळीची माळ आणली. माळ गळ्यात घालायची, ती लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. आणखी एक जण चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणाऱ्याकडे घेऊन गेला. यात सहा दिवस गेले. मावशींच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या काडीच्या माळेने काविळीचं कारण कळत नाही, आणि कारण न शोधता घालवलेला प्रत्येक दिवस म्हाताऱ्या लिव्हरच्या खात्यावर पडतो.

मी डॉक्टर नाही. पण त्या रात्रीनंतर मिळेल ते वाचलं, भेटेल त्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि जे कळलं त्याने झोप उडाली.

पोटात गेलेलं जवळपास प्रत्येक औषध लिव्हरच्या हातून जातं. त्याचे तुकडे करायचे, ते निरुपद्रवी करायचे, बाहेर घालवायचे, हे त्याचं काम. वय वाढतं तसं लिव्हर आकाराने लहान होतं आणि त्यातून वाहणारं रक्त तरुणपणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. किडनीही मंदावते. म्हणजे तिशीच्या माणसाच्या अंगातून सकाळपर्यंत निघून जाणारं औषध सत्तरीत रेंगाळतं. त्यावर दुसरी गोळी येते, मग तिसरी. लिव्हर तक्रार करत नाही, दुखत नाही. ते थकतं तेव्हा भूक जाते, मळमळतं, गळाठा येतो. आणि ही तिन्ही लक्षणं आपण वयाच्या नावावर आधीच लिहून ठेवलेली असतात.

पॅरासिटामॉलचंच बघा. घराघरात असतं, आणि योग्य मात्रेत अतिशय चांगलं औषध आहे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम, ही कमाल मर्यादा. कृश, नीट न जेवणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाला डॉक्टर त्याहून कमीच ठेवायला सांगतात. लिव्हरमध्ये त्याचा थोडा भाग एका विषारी द्रव्यात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष निष्प्रभ करतो, आणि उपाशी, खंगलेल्या शरीरात हे ग्लुटाथायोनच कमी असतं. आता अण्णांचा सर्दीतला एक दिवस मोजते. गुडघ्यांच्या गोळीत ३२५, ती तीनदा. तापाची ६५०, तीनदा. सर्दीच्या गोळीत ५००, तीही तीनदा. बेरीज ४,४२५. तीन वेगळ्या रंगांच्या, तीन वेगळ्या नावांच्या गोळ्या, आणि तिन्हींत एकच औषध. नावं बारीक इंग्रजी अक्षरांत, चकचकीत पन्नीवर. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं पोरांना बेरीज शिकवली. ही बेरीज त्यांना करता आली नाही, कारण कुणी त्यांना आकडेच दिसू दिले नाहीत.

त्यांच्या काविळीला मात्र ६२५ कारणीभूत ठरली. त्या जोडीतलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड लिव्हरमधला पित्ताचा प्रवाह अडवू शकतं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकातच औषध-सुरक्षा समितीने बजावलं होतं की हा धोका पासष्टीपुढच्या माणसांत, आणि त्यातही पुरुषांत, जास्त आहे. आइसलँडसारख्या छोट्या देशाने २०१०-११ मध्ये दोन वर्षं औषधाने लिव्हर बिघडलेल्या रुग्णांची काटेकोर नोंद केली. वर्षाला लाख लोकांमागे १९ जण सापडले आणि सर्वांत जास्त रुग्ण याच औषधाचे, २२ टक्के, निघाले. ते घेणाऱ्या साधारण २,३५० जणांत एकाला हा त्रास झाला. गरज असताना घेतलं तर ही जोखीम परवडते, न्युमोनियात हे औषध जीव वाचवतं. पण सर्दीला ते वाटलं जातं तेव्हा २,३५० मधला तो एक माणूस फुकट बळी जातो. आणि हा घाव उशिरा उठतो. गोळ्या संपल्यावर दोन, तीन, कधी सहा आठवड्यांनी. तोवर स्ट्रिप कचऱ्यात गेलेली असते. "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला ती कधीच सापडत नाही. म्हणून प्रश्न बदलायला हवा. गेल्या तीन महिन्यांत पोटात काय काय गेलं, असं विचारायला हवं. ज्या डॉक्टरला हे विचारायला वेळ नाही, त्याला चार हजारांची स्कॅन लिहून द्यायला मात्र वेळ असतो, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, असे प्रकार विरळ, त्यावर एवढा आवाज कशाला? त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये 'ओप्रेन' नावाने सांधेदुखीचं नवं औषध आलं. मूळ नाव बेनॉक्सॅप्रोफेन. दिवसातून एकदाच घ्यायचं, म्हणून म्हाताऱ्यांना सोयीचं. तरुणांच्या अंगात ते सव्वा-दीड दिवसात अर्धं व्हायचं, वृद्धांच्या अंगात त्याला चार-चार दिवस लागायचे. डोस मात्र सगळ्यांना सारखा. म्हणजे वृद्धांच्या शरीरात ते साचत गेलं. ते घेणारे म्हातारे रुग्ण काविळीने मरताहेत, हे उत्तर आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी १९८२ च्या मे महिन्यात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं. ऑगस्टमध्ये औषध बाजारातून गेलं. तोवर एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्याशी जोडलेल्या ६१ मृत्यूंची नोंद झाली होती. पुढे १९८५ मध्ये, परदेशातल्या मृत्यूंची माहिती दडवल्याबद्दल कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या डॉक्टरांनी "वय झालं होतं" एवढं लिहून फाइल बंद केली असती, तर आणखी किती गेले असते? त्यांनी मोजलं. आपण मोजत नाही.

आपल्या देशात तर मोजायला फार मोठा ढीग आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाने १९९७ ते २००८ या काळातल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. औषधाने लिव्हर बिघडलेले हे रुग्ण. त्यातल्या ५८ टक्के लोकांना टीबीच्या औषधांनी इजा झाली होती. आणि एकूण रुग्णांपैकी १७ टक्क्यांहून जास्त दगावले.

या टक्क्यातला एक चेहरा मी पाहिला आहे. अण्णांच्या वॉर्डासमोरच बायकांचा वॉर्ड होता. दाराजवळच्या खाटेवर अडुसष्ट वर्षांच्या एक आजी होत्या. नऊवारी, हातात हिरवा चुडा, आणि चुड्यासकट पिवळे पडलेले हात. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. त्यातले शेवटचे बारा दिवस त्यांना अन्न बघवत नव्हतं, उलट्या होत होत्या. गावात कुणीतरी सांगितलं, "गोळ्या उष्ण पडतात, ताक प्या, पण कोर्स चुकवू नका." सून बिचारी रोज सकाळी समोर बसून गोळ्या घालत राहिली. तिने सांगितलेलं तंतोतंत पाळलं. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं लिव्हरला इजा करू शकतात. आयसोनियाझिडचा धोका वयाप्रमाणे चढतो, हे अमेरिकेत १९७० च्या दशकातच दिसलं होतं. विशीच्या आत जवळजवळ शून्य, पन्नाशी ते चौसष्टीत दर शंभरात दोनहून जास्त. उलट्या, भूक जाणं, लघवी पिवळी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून दवाखाना गाठायचा, हे टीबीवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्रास होत असेल आणि लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी तिपटीवर गेलं असेल, किंवा त्रास नसतानाही पाचपटीवर गेलं असेल, तर औषध थांबवतात. लिव्हर सावरलं की एकेक गोळी जपून परत सुरू करतात, आणि टीबीही बरा होतो. हे एक वाक्य त्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. "कोर्स चुकवू नका" हे सगळ्यांनी सांगितलं होतं.

आजी नवव्या दिवशी पहाटे गेल्या. सून मला म्हणाली, "ताई, मी एक पण गोळी चुकवली नव्हती हो." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांनी द्यावं. टीबीची औषधं लाखोंचे प्राण वाचवतात, ती घ्यायलाच हवीत. म्हणूनच पाकिटासोबत धोक्याच्या चार खुणा मराठीत, ठळक अक्षरांत, तोंडी आणि लेखी देणं हे उपचाराचंच अंग आहे. साठीपुढच्या माणसाचं गोळ्या सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला हवं. त्यात कुचराई म्हणजे सरळ निष्काळजीपणा.

आता त्या हिरव्या बाटलीकडे येते, कारण इथे लोक चिडतात. "गुळवेल तर आयुर्वेदिक, त्याने काय होणार?" कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलाचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेले रुग्ण. आयुष मंत्रालयाने ही नोंद दिशाभूल करणारी आहे, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असं म्हटलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. ओळखीचा आक्षेप मी बाजूला टाकत नाही, उलट तोच जास्त गंभीर आहे. बाजारातल्या बाटलीत नेमकी कुठली वेल आहे याची खात्री मंत्रालयालाच देता येत नसेल, तर ती बाटली माझ्या शहात्तर वर्षांच्या वडिलांच्या हातात कुणाच्या भरवशावर आली? ज्यात परिणाम करण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याची ताकदही असतेच. आयुर्वेदाचा खरा वैद्य वय, अग्नी, प्रकृती बघून मात्रा ठरवतो. बाटलीवरचं "रोज ३० मिली" हे कुठल्या प्रकृतीला बघून ठरवलं?

आणि ती पुडी! आठवडी बाजारात, बसस्टँडवर, मंदिराच्या वाटेवर मिळणारी सांधेदुखीची पुडी. तिने दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, म्हणून म्हातारी माणसं देणाऱ्याला देव मानतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली पुन्हा पुन्हा सापडली आहेत. जड धातूंचं तर सगळ्या जगाने वाचलं आहे. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या पुडीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, ती औषध नसते. ती खाऊ देणं हा गुन्हा आहे, विकणं तर आहेच.

परदेशातली मुलंही यातून सुटत नाहीत. माझ्या भावाने न्यू जर्सीहून हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या, मिरीचा अर्क घातलेल्या. अण्णांनी त्या उघडल्या नाहीत, म्हणून पिशवीत नव्हत्या. अमेरिकेतच अशा हळदीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेले दहा रुग्ण २०२२ मध्ये नोंदवले गेले, त्यातला एक दगावला. आमटीतल्या चिमूटभर हळदीची ही गोष्ट नाही. अर्क काढून, मात्रा कैक पट वाढवून, मिरीने शोषण वाढवून दिलेली ती हळद आहे. आई-वडिलांबद्दलची काळजी आपण पार्सलमध्ये घालून पाठवतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर पिशवी ओतायला सांगा.

मेडिकलवाल्यांना मला काही सुनवायचं आहे. तुमच्या भिंतीवर फार्मसिस्टचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. शेड्यूल एच मधलं औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हे तुम्हाला पाठ असतं. लाल रेघ पाकिटावर तुमच्यासाठीच छापलेली असते. तरी म्हातारा दारात आला, "गुडघा दुखतोय" म्हणाला, की तीन गोळ्यांची पुडी बांधून हातात ठेवता. गावात तुम्हीच डॉक्टर आहात, म्हणून लोक विश्वासाने येतात. त्या विश्वासाची किंमत म्हणून निदान एक गोष्ट करा. विचारा, "गुरुजी, घरी आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" तेवढ्याने पॅरासिटामॉलची ती बेरीज दुकानाच्या काउंटरवरच थांबली असती.

सरकार दर काही वर्षांनी जागं होतं. २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी आली, कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा बंदी आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ गेली, त्यात असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही जोडीही होती. निमेसुलाइड हे वेदनाशामक फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये, आयर्लंडने २००७ मध्ये लिव्हरच्या कारणाने थांबवलं. आपण २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांपुरतं थांबवलं. मुलांच्या लिव्हरची काळजी घेतली ते चांगलंच झालं, पण त्याच वेळी म्हाताऱ्यांच्या लिव्हरचा विचार कुणी केला? बंदी यायची ती औषध वर्षानुवर्षं विकून झाल्यावर, आणि मधल्या काळात ते ज्यांनी खाल्लं त्यांचा हिशेब कुणाच्याच दप्तरी नाही.

डॉक्टरांना शेवटी सांगते, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षा सर्वांत मोठी आहे. हृदयवाला हृदयाचं लिहितो, हाडवाला हाडाचं, शुगरवाला शुगरचं. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. पण त्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच पोटात जातात. दुसऱ्याने लिहिलेलं औषध बंद करायला कुणी धजत नाही. नवीन तक्रार आली की नवीन गोळी, त्या गोळीने मळमळलं की मळमळीची गोळी. वृद्धांना कुठली औषधं टाळावीत याची यादी अमेरिकेतल्या मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली, आणि ती आजही सुधारली जाते. ती टेबलाच्या खणात असायला हवी. गोळी लिहिताना "किती दिवस" हे लिहिणं आणि जुनी खोडणं, हेही वैद्यकच आहे. त्या निवासी मुलीने अण्णांवर कुठलंही नवीन औषध न वापरता त्यांना बरं केलं. तिने काढून घेतलं. दोन महिन्यांत बिलिरुबिन खाली आलं, खाज थांबली.

आणि हे वाचून कुणी आपल्या गोळ्या उकिरड्यावर फेकू नयेत, हेही ठणकावून सांगते. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून लकवा ओढवून घेणारे मी पाहिले आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळीला लोक लिव्हरसाठी उगाच घाबरतात. तिने मोठी इजा होणं फार विरळ, आणि एसजीपीटी थोडं हललं म्हणून ती थांबवायची नसते. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे डॉक्टरनेच ठरवावं. पण ते ठरवायला त्याला भाग पाडणं हे आपलं काम आहे.

औषधाने अपाय झाला तर तो कळवण्याची सोय देशात २०१० पासून आहे. तिचं मुख्य केंद्र गाझियाबादला, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि सामान्य माणसाला भरता येईल असा फॉर्म मराठीतही मिळतो. घरी आल्यावर मी तो भरला. त्यात माझ्या फोनबद्दलही लिहिलं. आपला म्हातारा कुठल्या औषधाने आजारी पडला, हे जोवर आपण लिहून कळवत नाही, तोवर आपली माणसं कुठल्याच आकड्यात येणार नाहीत.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा ते निवृत्त होते. पटावर नाव आहे आणि वर्गात पोर नाही, असं वाचून त्यांना फार संताप आला होता. बरे झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून एक कोरा हजेरीपट काढला आणि फूटपट्टीने रकाने आखले. औषधाचं नाव. कशासाठी. कुणी दिलं. कधी सुरू केलं. कधी थांबवायचं. तेरा नावं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली. पहिले चार रकाने आठवून, विचारून, जुन्या चिठ्ठ्या चाळून भरले गेले. पाचवा रकाना तेराच्या तेरा ओळींत कोरा राहिला.

तो पट घेऊन आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वीस-पंचवीस मिनिटं दिली. लाल पेन्सिलने सात नावं पटावरून कमी झाली. सहा उरली, त्यात पॅरासिटामॉल "दुखलं तरच" एवढ्यापुरतं.

आज रात्री घरातली पिशवी ओता. आईची, बाबांची, आजीची, सासूबाईंची. एका वहीत पाच रकाने आखा आणि पाचव्याकडे बघा. तो कोरा असेल, तर उद्या ती वही आणि पिशवी घेऊन डॉक्टरांच्या दारात उभे राहा, आणि तो भरून घेतल्याशिवाय उठू नका.